नत्थुजींच्या हातातली दोरी

मळा, ता. वरूड
८ नोव्हेंबर २००४

चि. खुशाल यास जमुनाताईचे आशीर्वाद, वि. वि.

तू दिलेली बोटीची मोटर आठवड्यात तिसऱ्यांदा पाण्याच्या मधोमध बंद पडली, म्हणून हे पत्र. बोटीत संत्री होती आणि तोडणीच्या बाया होत्या. फोन केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही. ऐकू आल्याचं नाटक मात्र उत्तम जमतं.

धरणाचं पाणी चढल्यापासून बागेतून सडकेवर यायला ही बोटच आहे. तालुक्यात विहिरी आटल्या, लोक उभ्या बागा तोडत आहेत. माझ्याकडे पाणी आहे, पण ते ओलांडता आलं पाहिजे. मोटर थांबली की वारा बोटीला बुडालेल्या बाभळींकडे ढकलतो. त्यांचे शेंडे पाण्याखाली हातभर, वरून दिसत नाहीत. बोट चालवणारे नत्थुजी वल्ही मारून कसेबसे काठ गाठतात. काल तोडणीवाली सुंदराबाई मला सांगून गेली की असंच चालू राहिलं तर बाया बोटीत बसणार नाहीत.

मागे वरूडच्या व्यापाऱ्याने संत्र्यांना पेट्रोलचा वास येतो म्हणून माल परत पाठवला होता. त्याचा बंदोबस्त मी केला. आता हे नवीन. नत्थुजी म्हणतात, टाकीत पेट्रोल दिसते, पण मोटरले पोचून नाही राहिलं. का पोचत नाही ते तू लिही. मुद्द्याचं लिही.

सौ. पार्बतास आशीर्वाद. माझ्यावरची माया रागावलास तरी आटू देऊ नकोस.

जमुना


अकोला
१२ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बोटीत बाया होत्या हे वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. मोटर मी भंगारातून घेऊन दुरुस्त केली होती. इंजिनांच्या वर्कशॉपात जन्म गेला म्हणून तेवढा भरवसा वाटला. तुला नवीच घेऊन द्यायला हवी होती.

आधी पेट्रोल बघ. काचेच्या बाटलीत थोडं काढून ठेव. त्यात पाणी असेल तर ते तळाशी बसून वेगळं दिसेल. गेल्या हंगामातलं उरलेलं पेट्रोल वापरत असाल तर ते फेकून दे, ते चिकट होतं आणि कार्बोरेटरचं बारीक भोक बुजवतं. तुमच्या वरूडच्या सरफराज मिस्त्रीकडून कार्बोरेटर उघडून घे, पेट्रोल गाळायची जाळीही साफ करून घे.

आणि हे नीट बघून कळव: मोटर एकदम बंद पडते की धापा टाकत? पुन्हा सुरू करताना नत्थुजी काय काय करतात? तुला बिनमहत्त्वाचं वाटेल तेही लिही. तोवर त्यांना रागावू नकोस. मी तुझा राग सोसत तुझ्याकडे शिकून मॅट्रिक झालो आहे, म्हणून सांगतो.

पार्बताचा नमस्कार. लोभ आहेच, तो मोटरीपायी कमी करू नये.

खुशाल


मळा
१८ नोव्हेंबर

चि. खुशाल यास आशीर्वाद, वि. वि.

बाटलीत पेट्रोल स्वच्छ निघालं. सरफराजने कार्बोरेटर उघडला, त्यातही काही नाही. जाळी साफ केली. आणि सोमवारी मोटर पुन्हा थांबली. बोट बाभळीवर आदळली, सुंदराबाई बोटीच्या कडेवर आपटली आणि तिचा उजवा हात मोडला. प्लास्टर घातलं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मोटर आधी ठणठणीत चालते, मग धापा टाकते, मग थांबते. नत्थुजी पेट्रोल पुढे ढकलायचा नळीवरचा रबरी फुगा दाबायला जातात, तर तो वाळल्या संत्र्यासारखा चिमलेला असतो. मग टाकीचं झाकण उघडून आत बघतात. पेट्रोल असतं. झाकण लावतात, दोरी ओढतात आणि पहिल्या झटक्यात मोटर चालू. म्हणजे मोटरीत खोट नाही, खोट माणसात, असा हिशेब मी केला.

सोमवारी काठावर, सगळ्यांसमोर, मी त्यांच्या हातातून मोटर सुरू करायची दोरी काढून घेतली. ते भांडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, बाई, माह्याच हात उतरला असन, मलेच आता जमून नाही राहिलं. दुसऱ्या दिवशी ते चांदूर रेल्वेला लेकीकडे निघून गेले. तू रागावू नकोस म्हटलं होतंस. तुझं पत्र पिशवीत होतं.

बोट बांधून ठेवली आहे. संत्री झाडावर पिकून गळत आहेत. लवकर लिही, एवढा जिव्हाळा ठेव.

जमुना


अकोला
२२ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

उत्तर तुझ्याच पत्रात आहे. आई तेलाच्या डब्याला एक भोक पाडायची आणि तेल अडखळत यायचं. मग ती दुसऱ्या कोपऱ्यात भोक पाडायची, की धार लागायची. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. नाही आली तर टाकीच पेट्रोल ओढून धरते, फुगा चिमतो, मोटर उपाशी मरते. नत्थुजी झाकण उघडतात तेव्हा हवा आत जाते, म्हणून ती लगेच चालू होते.

झाकणावर हवेचा एक बारीक स्क्रू आहे. बोट चालताना तो सैल हवा. ताई, वासाचा बंदोबस्त तू काय केलास?

चूक माझीही आहे. मोटर देताना मीच बजावलं होतं की झाकण घट्ट ठेव, पेट्रोल उडतं. ते मोटर ठेवून देतानाचं होतं, चालवताना स्क्रू सैल करायचा हे सांगायचं राहून गेलं. आपला समजून क्षमा करावी.

खुशाल


मळा
१ डिसेंबर

चि. खुशाल यास आशीर्वाद, वि. वि.

स्क्रू मी घट्ट आवळला होता आणि वरून मेणबत्तीचं मेण ओतलं होतं. स्वतःच्या हाताने. नत्थुजी तेव्हा बाजारात गेले होते, त्यांना सांगायची गरज मला वाटली नाही. तुझं पत्र आल्यावर झाकण उघडलं तर टाकीने सुस्कारा टाकला. मेण खरवडलं, स्क्रू सैल केला. सरफराज पलीकडच्या काठापर्यंत दोनदा जाऊन आला. मोटर कुठे थांबली नाही.

तुझी चूक मला वाटून देऊ नकोस. माझी मला पुरेशी आहे.

आधी सुंदराबाईकडे गेले. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं की बाई, संत्र्याले तर वास नाही ना लागला. पोळ्या लाटायला शेजारीण येत होती. मी तिथेच बसून लाटल्या.

मग चांदूर रेल्वे. नत्थुजींची लेक सांगत होती, बाबा नळाची तोटीही तिलाच बंद करायला लावतात, हाताचा भरवसा राहिला नाही म्हणतात. मी मेणाचं सांगितलं. त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, इथं सांगून काय फायदा बाई, दोरी काठावर घेतली होती तुमी.

बरोबर होतं. आज सकाळी काठावर, नत्थुजींना सोबत आणून आणि तोडणीच्या सगळ्या बाया जमवून, मी मेणाचं सांगितलं. मान वर ठेवून सांगायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. नत्थुजींनी अट घातली की टाकीच्या झाकणाला मालकिणीने हात लावायचा नाही. मान्य केली. आता टाकी मागे राहील आणि संत्री पुढच्या टोकाला.

तू ऐकत नाहीस असं मी सगळ्यांना सांगत असते. माझंही तेच आहे. तरी पत्र लिहीत जा आणि ताई म्हणत जा.

जमुना

आज काठावर नत्थुजींच्या हवाली केलं ते असं:
मोटर, चालू स्थितीत.
लाल टाकी, नळी आणि फुग्यासह.
झाकण, मेण काढलेलं, स्क्रू सैल.
दोरी. ती त्यांनी माझ्या हातून घेतली नाही. सुंदराबाईने डाव्या हाताने पुढे केली, तेव्हा घेतली.