जुळ्यांचा एकच कोड

सोमवार, ४ मार्च

जमलं! चार दिवस डोकं खात होतं ते काम एकदाचं जमलं. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या बाळांच्या मनगटावरच्या पट्टीवर आता क्यूआर कोड येणार. सिस्टरने त्यावर फोन धरला की बाळाचं पान उघडणार — वजन, औषधं, सगळं.

गंमत म्हणजे कोड मी बनवतच नाही! डेटाबेसमधून नंबर उचलायचा, त्याची लिंक एका वेब सेवेकडे पाठवायची, की पापणी लवायच्या आत तिकडून काळ्या-पांढऱ्या चौकटींचं चित्र परत येतं. कोण मांडतं त्या चौकटी? मला राहवेना. डबा तसाच ठेवून उगाचच काय काय पाठवत बसले. माझं नाव पाठवलं, मग ताईचं. दोन्ही चित्रं वेगळी आली. आमचे चेहरे मात्र अजून शेजाऱ्यांनाही वेगळे करता येत नाहीत!

ताई, म्हणजे माझी जुळी बहीण. दहा मिनिटांनी मोठी, आणि त्या दहा मिनिटांच्या जोरावर जन्मभर माझ्यावर हुकूम सोडत आलीय.

मंगळवार, ५ मार्च

मोठ्या सिस्टरनी नाक मुरडलं. "हाताने लिहायचो तेच बरं होतं." मग स्वतःच्या फोनवर पान उघडलं तशी — "अगंबाई, चालतंय की!"

बाळांची नावं बाहेरच्या सेवेला कशाला कळवायची? म्हणून लिंकमध्ये फक्त आईचा केसपेपर नंबर घातला. स्वतःवर जाम खूश आहे.

गुरुवार, ७ मार्च

कोडचा खालचा उजवा कोपरा मुद्दाम फाडला. तरी वाचला गेला! शोधलं तर कळलं, जास्तीची माहिती त्यात आधीच भरून ठेवलेली असते. काय डोकं आहे एकेकाचं!

सोमवार, ११ मार्च

आज थोडक्यात निभावलं.

काल जुळ्या मुली झाल्या. आज दोघींना एकाच टेबलावर आंघोळ घातली. एकीला जंतुसंसर्ग, तिलाच इंजेक्शन द्यायचं. नव्या सिस्टरने पट्टी स्कॅन केली. मग दुसरीची केली — तेच पान! आई एक, आईचा नंबर एक, म्हणून कोडही एकच. पूर्वी पट्टीवर 'पहिली', 'दुसरी' असं लिहायचे. माझ्या नव्या पट्टीवर ते नाही.

"तुम्हाला ओळखू येतात का?" सिस्टरने आईला विचारलं. "अहो, कालच तर झाल्यात. मला काय कळतंय!" आणि ती रडायलाच लागली.

डॉक्टरबाईंनी जन्माच्या वेळी घेतलेले पायांचे ठसे मागवले. भिंग लावून जुळवत बसल्या. मी भिंतीला टेकून उभी. शेवटी ठसे जुळले, इंजेक्शन जिला हवं तिलाच गेलं. मी जिन्यात जाऊन रडून घेतलं.

मी स्वतः जुळ्यांतली एक — आणि मलाच जुळी सुचू नयेत!

मंगळवार, १२ मार्च

आता लिंकमध्ये प्रत्येक बाळाचा स्वतःचा नंबर. सगळ्या पट्ट्या बदलल्या, एकेक स्कॅन करून पाहिली. 'पहिली', 'दुसरी' पेनानेही लिहायचं ठरलं. मोठ्या सिस्टरनी चहा तेवढा पाठवला.

एक प्रश्न पाठ सोडत नाही — ठसे नसते तर? ताईला फोन करून विचारलं. म्हणाली, "नसत्या चौकशा कशाला? मी मोठी आहे ना, माझं ऐक आणि झोप."

रविवार, १७ मार्च

आईकडे आलेय. तिलाही तेच विचारलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "ठसे नसते तर काय! आईने ठरवायचं. मोठी-धाकटी कळावी म्हणून तुमच्या मनगटांना बांधलेले दोरे पहिल्याच आंघोळीत सुटले. तुझ्या बाबांना कळलं तर घर डोक्यावर घेतील म्हणून गप्प बसले. जी आधी रडली तिला मोठी म्हटलं, आणि मोठीसाठी ठरवलेलं नाव तिलाच दिलं."

"आणि खरी मोठी कोण?"

"मला तरी कुठे ठाऊक आहे, बाळा!"

फोन वाजतोय. ताईचा. उचलायला धीरच होत नाहीये — जे नाव जन्मभर मी वापरलं, ते कदाचित तिचं असेल.