पट्टीला लागलेलं पाणी

मंगळवार, १४ मे १९९१

गावाचा टँकरचा अर्ज आज परत आला. कारण मीच. रोज सकाळी आठला नदीतली पाणी मोजायची पट्टी वाचून मी तालुक्याला आकडा कळवतो, आणि महिनाभर चार सेंटिमीटर लिहितोय. साहेबांनी विचारलंय, नदीला पाणी असताना टँकर कशाला?

नदी कसली, नुसती वाळू. पट्टीच्या बुडाशी बायांनी उकरलेला एक झिरा आहे, त्यातलं ते पाणी. पण पट्टीला लागलेलं पाणी लिहायचं असा नियम. मी नियम पाळला. डोकं कुठे होतं माझं?

आणि तो झिरा उपसत कसं कुणी नाही? संध्याकाळी मथुराअक्का हंडा घेऊन लांबच्या मळ्यातल्या विहिरीकडे निघाल्या होत्या, त्यांना विचारलं.

“तो तुन्हासाठे राखेल शे भाऊ. पट्टी कोरडी पडनी ते तुन्ही नोकरी जाई. बठ्ठ्या बायास्ले सांगेल शे, त्याले हात लावानं नही.”

टँकरचं न सांगताच मी त्यांच्यासोबत दोन पावलं चाललो.

“आज किती भरनं?” त्यांनीच विचारलं.

चार, म्हणालो. अक्का समाधानाने हसल्या आणि रिकामा हंडा घेऊन मळ्याच्या वाटेला लागल्या.