एक दिवस मागे

२० जुलै

प्रिय ठोंब्या,

सोळा महिन्यांनी तुला लिहितेय आणि तेही घड्याळाबद्दल, म्हणजे पाकीट फोडताफोडताच तू नाक मुरडणार. मुरड. पण वाच. फोन केला असता तर तू दोनदा "हं, हं" करून ठेवून दिला असतास, म्हणून कागद घेतला. कागदाला मधेच तोडता येत नाही.

पंधरा तारखेला तुझी लेक आली होती. चप्पल काढायच्या आधीच तिनं दोन बातम्या दिल्या. एक, तू एकतीस तारखेला दुकान बंद करतोयस, कायमचं. दुसरी, मी दिलेलं घड्याळ तू परत पाठवलंयस आणि वर निरोप दिलायस की आत्याला सांग, एकदाही हातात घातलेलं नाही. पहिली बातमी मी ऐकून घेतली. पण लागलं ते दुसरीनं. दुकान आवरताना माणूस ज्याची वस्तू त्याला देऊन मोकळा होतो, तसा तू माझ्यातूनही मोकळा झालास असं वाटलं. पोरीला पाणी विचारायचंसुद्धा सुचलं नाही. बिचारीनं आत जाऊन आपलं आपणच घेतलं.

ती गेल्यावर डबी उघडायची नाही असं ठरवलं होतं. ते किती टिकलं असेल ते तुला सांगायला नको. लहानपणी बाबांच्या टेबलाखाली लपून त्यांचं भिंग डोळ्याला लावणारी मी, आणि "चोंबडी" म्हणून माझी चुगली करणारा तू. डबी उघडली. घड्याळ चालू होतं, पण विचित्र चालू होतं. सेकंदकाटा एक सेकंद नुसता थांबायचा आणि मग एकदम दोन घरं ओलांडायचा. पुन्हा थांबायचा, पुन्हा उडी. मला वाटलं बिघडलं. क्षणभर, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं, की चला, तुझ्याशी बोलायला निमित्त मिळालं.

डबीच्या तळाशी माहितीपत्रक होतं, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत. तू ते वाचलं असशील की नाही कोण जाणे, तुम्ही घड्याळजी लोक असलं काही वाचणं कमीपणाचं समजता. त्यात लिहिलंय की काटा दोन-दोन सेकंदांनी उडायला लागला म्हणजे घड्याळ बिघडलेलं नाही, ते उजेडावर चालतं आणि तोच कमी पडलाय. भुकेनं मारलेली हाक आहे ती. लगेच पूर्वेच्या खिडकीत नेऊन ठेवलं, तबकडी काचेकडे करून. माझा चहा संपायच्या आत काटा शहाण्यासारखा एकेक पाऊल टाकायला लागला. मग मला राहवेना. तळहातानं झाकून पाहिलं, ट्यूबलाइटखाली धरलं, टेबलावरच्या दिव्याखाली धरलं. दिवा तापतो, त्याच्या फार जवळ नेऊ नका असंही त्यात लिहिलंय, म्हणून वीत सोडून धरलं. तुझ्या भावोजींनी दोनदा जेवायला हाक मारली आणि तिसऱ्यांदा ताट झाकून निघून गेले.

पण माझ्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. पूर्ण भरलेलं हे घड्याळ अंधारात सहा महिने चालतं, असं त्याच पत्रकात आहे. मग सोळा महिने डबीत पडलेलं घड्याळ कधीच मान टाकून बसायला हवं होतं. हे तर चालत होतं, आणि मोबाइलशी ताडून पाहिलं तर वेळेत जेमतेम आठ सेकंदांचा फरक. ठोंब्या, मी बत्तीस वर्षं विजेचे मीटर तपासतेय. सील शाबूत आहे, कोणी हात लावला नाही, असं छातीठोक सांगणारी माणसं मी रोज बघते. मीटर मात्र निमूटपणे खरं सांगतो.

मग तारीख पाहिली. तबकडीवरच्या चौकटीत नुसता तारखेचा आकडा दाखवणारं हे साधं घड्याळ. त्याला महिना कळत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक महिना एकतीस दिवसांचा, त्यामुळे तीस दिवसांचा महिना संपला की बाजूची चावी एक टप्पा ओढून तारीख हातानं पुढे सारावी लागते. मी घेतलं तेव्हा, गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, दुकानदारानं माझ्यासमोर तारीख लावली होती. त्यानंतर कोणी हात लावला नसेल तर ते किती मागे पडायला हवं? एप्रिलचा एक दिवस, जूनचा एक, सप्टेंबरचा, नोव्हेंबरचा, फेब्रुवारीचे तीन, पुन्हा एप्रिल, पुन्हा जून. नऊ. म्हणजे पंधरा जुलैला त्यानं सहा तारीख दाखवायला हवी होती. तिथे होती चौदा. फक्त एक दिवस मागे.

म्हणजे कोणीतरी दर वेळी ती पुढे सारली. अगदी या वर्षीच्या मे महिन्याच्या सुरुवातीलासुद्धा. राहिली ती फक्त एक जुलैची. तुझ्या लेकीला फोन करून गप्पांच्या ओघात विचारलं, बाबांनी दुकान सोडायचं जागेच्या मालकाला कधी सांगितलं गं? म्हणाली, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे तेव्हाच ते तुझ्या मनगटावरून उतरलं. पट्टाही उजेडात धरून पाहिला. तिसऱ्या भोकाशी चामड्याला घडी पडलीये.

आता एकच कोडं उरलं. एवढं रोज वापरात होतं, तर मग ते उपाशी कसं? तुझं टेबल तर दुकानाच्या दर्शनी काचेपाशी, दिवसभर उजेडाला तोटा नाही. पत्रक पुन्हा काढलं. शेवटच्या पानावर तळाला एक ओळ होती : लांब बाह्यांच्या कपड्याखाली घड्याळ झाकलं जात असल्यास ते पुरेसं भरत नाही.

मी तिथेच खुर्चीत हसायला लागले. कारण पोरीनं मगाशी फोनवर भलतंच गाऱ्हाणं सांगितलं होतं. बाबांना काय झालंय कळत नाही, वर्षभर उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्या, वर मनगटाची बटणं लावलेली, आई कॉलर आणि कफ घासून घासून दमली. तू! बाबांनी आपल्याला शिकवलेली पहिली गोष्ट कोणती होती? घड्याळ उघडण्याआधी बाह्या कोपरावर, नाहीतर बाहीबरोबर स्क्रू जमिनीवर. तीस वर्षं अर्ध्या बाह्यांत काढलेला माणूस सव्वा वर्ष कफ लावून बसतो आणि खाली पडलेले स्क्रू चुंबक घेऊन शोधतो, कशासाठी? बहिणीनं दिलेलं घड्याळ कोणाला दिसू नये म्हणून. हसता हसता मला रडू आलं, आणि तुझ्या भावोजींना नेमकं तेव्हाच आत यायचं होतं.

इथपर्यंत तुला पकडल्याचा आनंद होता. पण मग रात्रीची झोप गेली, कारण तपासणी एकाच बाजूची करून भागत नाही. तू खोटं बोललास ते माझ्या लक्षात आलं, तसं मी काय बोलले होते तेही तपासावं लागलं. तुझ्या पन्नाशीला मी दुकानात आले, तीन गिऱ्हाइकं उभी होती, आणि मी मोठ्यानं म्हटलं की घे, याला सेल लागत नाही, तुझ्या तावडीत न सापडणारं घड्याळ आहे हे. गिऱ्हाइकं हसली. तू डबी मिटलीस आणि हातातल्या घड्याळाचा सेल बदलत राहिलास. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले की मी थट्टा केली, त्यानं मनाला लावून घेतलं.

थट्टा नव्हती रे ती. विकणारा म्हणाला होता की याला घड्याळजीची गरजच पडत नाही, आणि ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मी ते त्याच वाक्यासाठी घेतलं. बाबा गेले तेव्हा हात माझा स्थिर होता, केसाएवढी स्प्रिंग मी बसवायचे आणि तू नकाशे काढायला शिकायचं म्हणत होतास. त्याच महिन्यात माझं नोकरीचं पत्र आलं, मी निघून गेले, आणि दुकानातल्या बाबांच्या स्टुलावर तू बसलास. कोणी तुला विचारलं नाही. मीही नाही. दुकान रिकामं होत गेलेलं दर वेळी बघायचे आणि वाटायचं, हे एकदाचं बंद झालं तर बरं, म्हणजे माझ्या मनातली ही टोचणीही बंद होईल. माझ्या त्या थट्टेत तू ते बरोबर ऐकलंस. चूक तुझी नव्हती, माझी होती, आणि हे सांगायलाच हे पत्र आहे. घड्याळाचं सगळं पुराण हे तिथवर पोचायला लागलेलं धैर्य समज.

पाच दिवस खिडकीत आहे, आता पोटभर जेवलंय. तारखेला मी हात लावलेला नाही, आजही ते एकोणीस दाखवतंय. एकतीसला सकाळी मी ते घेऊन येते. ड्रॉवर रिकामे करायला कोणीतरी लागेलच, आणि हात माझा अजून स्थिर आहे. नको असेन तर पोरीकडून निरोप दे, मी रागावणार नाही. पण येऊ देणार असशील तर दोन कामं कर. तारीख तू लाव, माझ्यासमोर. आणि त्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाल.

तुझीच, अजूनही तितकीच चोंबडी,
ताई