हौदातलं पाणी

२ फेब्रुवारी
चिझुको आली. ओसाकाहून, न कळवता! लेक असली म्हणून काय झालं? आल्या आल्या माझा फ्रीज उपसला. वास येतो म्हणे. मुळ्याचं लोणचं आहे ते, अत्तर नाही!

३ फेब्रुवारी
"आई, बहात्तर झालं वय. बर्फाच्या पाण्यात हात घालणं पुरे आता. माझ्याकडे चल." जेवताना तेच, चहाला तेच. हातकागद गार पाण्यात, हिवाळ्यातच होतो, हे याच घरात वाढून तिला ठाऊक नाही? शाळेचे साठ कागद महिनाअखेर द्यायचेत. या गावातल्या प्रत्येक पोराचं शाळा संपल्याचं प्रमाणपत्र माझ्या कागदावर आहे. तिचंसुद्धा!
संध्याकाळी भुतं पळवायच्या सणाचे भाजके दाणे उधळले. "भुतं बाहेर!" म्हणत मूठभर तिच्याच पाठीत हाणले. ती हसली. मी नाही.

४ फेब्रुवारी
सालींचा लगदा कुटून हौदात कालवला.

५ फेब्रुवारी
सत्यानाश! सकाळपासूनचे चाळीस कागद वाया. लगदा पाण्यात सारखा पसरून धरणारा मुळांचा चिकट रस कितीही घाला, पाणी साच्याच्या जाळीतून भसाभस गळतंय, लगद्याच्या गाठी होतायत. किडकी मुळं गळ्यात मारलीस म्हणून मुळंवाल्या इसोबेला फोनवर झापलं. तो बिचारा म्हणतोय, "काकू, सगळ्यांना तीच दिलीत हो!"
तेवढ्यात चिझुको दारात. "आई, मी गरम पाणी ओतलं हौदात. पहाटे, तू उठायच्या आत. सहा पातेली. तुझी बोटं बघवत नाहीत गं."
ऊब लागली की रस मरतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल! मी तोंडाला येईल ते बोलले. "जा ओसाकाला, दुकानातून कागद आण आणि त्यावर माफी लिही!" रडली. रडू दे. "पण आई, तुला हात घातल्यावर—" असं काहीतरी म्हणत होती. मी दार आपटलं.

६ फेब्रुवारी
हौद उपसून घासला. एकटीने. ती बादली घेऊन उभी होती, तिच्याकडे पाहिलंही नाही. इसोबेची माफी मागायला हवी. उद्या बघू.

७ फेब्रुवारी
चिझुकोला विचारलं, किती कोमट होतं? म्हणाली, "बाळाला अंघोळ घालावी इतकं." त्यात मी सकाळभर मनगटापर्यंत हात घालून उभी होते. मला कळलं नाही.