पाण्यात बोललेलं

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द आजवर मी सवयीने लिहीत आलो, या खेपेला अनुभवाने लिहितो आहे. माणूस जमिनीवर पालथा पडला आणि त्याला उठता आलं नाही, की आठही अंगं एकेक करून आपली ओळख करून देतात, हे मला या महिन्यातच कळलं.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का, की अजून ते तो बातम्या लागल्यावरच काढतात? इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे. पण मी जन्मभर पद्धतींच्या विरोधात बोलत आलो, तेव्हा खरं तेच लिहितो. इकडे माझी कंबर, शेजाऱ्यांशी असलेले आमचे संबंध आणि कपाटाचं दार, तिन्ही जायबंदी आहेत.

फोनवर तुला अर्धवटच सांगितलं होतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आपल्या धाकटीची नौदलात निवड झाली. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं चौकाचौकांत उभं राहून ‘तोफा वितळवा, नळ बसवा’ अशी गर्जना केली, शस्त्रांवरचा खर्च हा माणसाच्या अकलेवरचा डाग आहे हे सिद्ध करायला ग्रंथालयाची दोन कपाटं पालथी घातली, त्याच्याच घरात, त्याच्याच समोर बसून, तिने जेवता जेवता “बाबा, माझी नौदलात निवड झाली, मीठ द्या जरा,” असं एका दमात सांगितलं. मी मीठ दिलं नाही, भाषण दिलं. जुन्या आरमारांपासून सुरुवात केली, जहाजांबरोबर बुडालेल्या खलाशांपर्यंत आलो (तुझी भावजय मधेच उठून भांडी घासायला लागली, म्हणजे भाषण रंगलं होतं असं समज), आणि शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हटलं की, तुझं म्हणणं काय ते एका वाक्यात सांग. ती म्हणाली, “जे पटतं ते करावं, आणि त्याची किंमत आपण मोजावी. तुमचंच वाक्य आहे, बाबा. प्रत्येक सभेला शेवटी असतं.” ताई, विरोधकांनी माझी वाक्यं माझ्याच अंगावर फेकल्याचे प्रसंग पुष्कळ आले, पण ते मेले वाक्य चुकवत तरी असत. हिने स्वल्पविरामासकट म्हटलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की, माझा विरोध नौदलाला आहे, मुलीला नाही, आणि आपल्या घरची पोरगी तिथे जाऊन धापा टाकणार नाही. तिची तयारी मी करून घेईन. यावर घरात जी शांतता पसरली तिला मी संमती मानलं.

पहिलं काम धावण्याचं. आता मी तिच्याबरोबर धावणं शक्य नाही हे तू जाणतेसच, म्हणून मी सायकलवरून मागे जायचं ठरवलं. पण ती पुढे, मी मागे, मधे चढ. माझे विचार तिच्यापर्यंत पोचेनात. (प्रेरणा हा शारीरिक शिक्षणाचा पाया आहे, असं मी वाचलेल्या चारही पुस्तकांत होतं. पाचव्यात नव्हतं, म्हणून ते मी परत केलं.) शेवटी सभेचा जुना कर्णा माळ्यावरून काढला. पहाटेची वेळ, गल्ली सामसूम, आणि मी सायकलवरून कर्ण्यात ओरडतोय, “थांबू नका! आत्ताच वेळ आहे! पुन्हा संधी मिळणार नाही!” गल्लीत माझा हा आवाज लोक इतकी वर्षं एकाच विषयावर, नळाच्या पाण्यावर, ऐकत आले आहेत. वळण घेऊन परत येतो तर दोन्ही बाजूंना माणसं बादल्या, पातेली, एक जण तर पोराचा टब घेऊन नळाशी रांगेत उभी! पाणी आलं नाही हे कळल्यावर जे बोलणं झालं त्यात प्रेरणेचा भाग कमी होता. समोरचा शिंपी अजून मला बघितलं की रिकामी बादली वाजवतो.

मग मी घरातल्या व्यायामावर भर दिला. जोर काढताना ती हातांवर अर्धवट खाली गेली की मी शरीर आणि मन यांच्या नात्यावर चार शब्द सांगायचो, आणि माझं वाक्य संपल्याशिवाय वर यायचं नाही असा नियम होता. ताई, माझी वाक्यं तुला ठाऊक आहेत. एखाद्या उपवाक्यात शिरलो की परतीची वाट मलाही दिसत नाही. परिणाम असा झाला की तिचे दंड लोखंडासारखे झाले आहेत. आयुष्यात माझ्या वक्तृत्वाने कोणाच्या अंगात बळ आल्याचा हा पहिला सिद्ध झालेला दाखला. (मीही एकदा उदाहरणादाखल जोर काढायला गेलो. साष्टांगाचा उल्लेख वर आलाच आहे.) गाठी मारायलाही मीच शिकवलं. पुस्तकातली खलाशांची गाठ कपाटाच्या दोन्ही मुठींना मारून दाखवली, ती उत्तम बसली, फक्त सोडवायची कृती पुढच्या पानावर होती आणि ते पान कोणीतरी फाडून नेलं होतं. आत तुझ्या भावजयीचा इस्पितळात घालायचा गणवेश. ती परिचारिका माणूस, वेळेची पक्की. तिने शांतपणे एकदा गाठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मूठ उपटली. गाठ अजून शाबूत आहे. मुठीसकट खुंटीला टांगून ठेवली आहे.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. अडलं ते पाण्यापाशी. नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात उंच फळीवरून खोल पाण्यात उडी मारायची आणि शिट्टी होईपर्यंत तरंगत राहायचं, अशी परीक्षा असते. जमलं नाही तर थोडे दिवस शिकवतात, तरी नाही जमलं तर घरी परत. आणि आपल्या धाकटीला चेहरा पाण्यात घालता येत नाही. तरणतलावाच्या पायऱ्या हसत उतरते, गळाभर पाण्यात उभी राहते, गाल फुगवते, डोळे मिटते, आणि नाक टेकलं न टेकलं की चटका बसल्यासारखी वर येते. तिथला शिट्टीमास्तर (त्याचं खरं नाव कोणी विचारत नाही, शिट्टी काढली तर तोही विसरेल) म्हणतो, “दम धरा, दम धरा!” मी काठावरून धैर्य या विषयावर बोललो. रंगात येऊन एक पाऊल पुढे टाकलं आणि चष्म्यासकट, घड्याळासकट आत गेलो. तेव्हा ती पहिल्यांदा पाण्यात मोकळेपणी हसली, पण चेहरा मात्र बाहेरच ठेवून. घरी आलो. दारात चपला काढताना म्हणाली, “बाबा, मला परत पाठवलं तर तुम्ही सभेत सांगणार नाही ना?” मी मोठ्याने ‘नाही’ असं म्हटलं. पण ‘घरी परत’ हे शब्द तिच्या तोंडून ऐकताना मला क्षणभर बरं वाटलं होतं, ताई. (त्या जेवणाच्या वेळच्या भाषणात मी सगळं बोललो होतो. ‘जाऊ नकोस’ एवढे दोन शब्द मात्र नाही बोललो. ते युक्तिवादात बसत नव्हते.)

आणि मग मला आपली खाण आठवली. वडील ज्या खाणीत दगड फोडायला जायचे तिचा जुना खड्डा, त्यात साठलेलं हिरवं पाणी, तळ किती खोल हे कोणालाच माहीत नाही, आणि त्यात पोहणारी एकटी मुलगी म्हणजे तू. माझ्या पाठीला तू तो चौकोनी डबा बांधायचीस. त्याच्या झाकणावर झिजलेल्या घोड्याचं चित्र होतं, आणि रॉकेलचा वास अंगाला दिवसभर यायचा. तू रोज त्या डब्यात मला न सांगता पेलाभर पाणी घालत होतीस. मी आपला डब्याच्या भरवशावर हातपाय मारतोय. एके दिवशी काठावर चढलो तर पाठीवरचा डबा मला मागे ओढायला लागला, गच्च भरलेला! आधार म्हणून जे बांधलं होतं ते ओझं झालं होतं, आणि मी ते घेऊन पोहत होतो. मी रडलो, फसवलंस म्हणून. तू कणीस खाल्ल्यासारखी हसलीस, सगळे दात दाखवून.

पण त्याच्याही आधी मी असाच गाल फुगवून वर यायचो. तेव्हा तू म्हणालीस, “दम धरू नकोस रे, सोड. पाण्यात बोल. जे वर बोलता येत नाही ना, ते खाली जाऊन बोल. कोणाला ऐकू जात नाही.” मी तोंड खाली घालून “मला भीती वाटते” म्हणालो. बुडबुडे वर गेले, आणि गंमत म्हणजे भीतीही त्यांच्याबरोबरच गेली. मी वर येऊन विचारलं, “ताई, तू काय बोलतेस?” तू पालथी व्हायचीस, बराच वेळ बुडबुडे यायचे, मग उताणी होऊन आभाळाकडे बघत राहायचीस. म्हणायचीस, “पाण्यात बोललेलं वर काढायचं नसतं.” त्याच वर्षी पाहुण्यांसमोर तू ‘मी जहाजावर जाणार’ म्हणाली होतीस आणि सगळे हसले होते. पुढे तू टेलिफोन कचेरीत लागलीस आणि लांबलांबच्या माणसांना एकमेकांशी जोडून देत राहिलीस. मी मात्र पाण्यात बोलायला शिकलो आणि मग वर येऊन थांबलोच नाही. माझ्या वक्तृत्वाचं श्रेय लोक ग्रंथांना देतात. ते खरं तर एका खड्ड्याचं आहे.

धाकटीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पाण्याशी काय बोलू, बाबा? तुमच्यासारखं भाषण करू?” आणि प्रयत्न केला तर नाकात पाणी. माझं सांगणं खरं असेल, पण पोटाखाली धरायला तुझा हात हवा, तो मी कुठून आणू? असो. हे पत्र सहज आठवण आली म्हणून लिहिलं, बाकी हेतू काही नाही. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. सहज वगैरे काही नाही. ये. तिचं जायचं जवळ आलं आहे. त्या डब्यात तू हल्ली डाळ ठेवतेस हे मला ठाऊक आहे. डाळ काढ आणि तो घेऊन ये. भावजींना म्हणावं, चहा स्वतः करता येतो, मी केला आहे.

ता. क. २. हे पत्र पेटीत टाकायचं राहूनच गेलं. तुझ्या भावजयीला ते सदरा धुताना खिशात सापडलं. (ओला भाग तुझ्या गुडघ्यांविषयीचा आहे, काळजी करू नकोस.) तेवढ्यात आज सकाळी धाकटी तरंगली! डबा नाही, हात नाही, मीसुद्धा नाही. मी तिकिटाच्या खिडकीशी कोणाशी तरी वाद घालत होतो. आत आलो तर ती पालथी, चेहरा पाण्यात, बुडबुड्यांची रांग लागलेली, आणि शिट्टीमास्तर शिट्टी वाजवायचीच विसरलेला. मग फळीवर चढली आणि माझ्याकडे न बघता उडी टाकली. मी विचारलं, काय बोललीस पाण्यात? केस पिळत म्हणाली, “वर काढायचं नसतं ना?”

ता. क. ३. तेव्हा तुझं आता काही काम उरलेलं नाही. तरी ये. स्टेशनवर तिला सोडायला घरातलं कोणीतरी असं हवं, ज्याला भाषण करायचं नसेल. आणि तू त्या खाणीत काय बोलायचीस ते मला आता विचारायचं नाही, तुझं तू तिला सांग. काल मीही तलावात उतरलो होतो. बुटक्या पोरांच्या बाजूला, गळ्यापर्यंतही नाही एवढ्या पाण्यात. तोंड खाली घातलं आणि जे इतके दिवस वर बोलता आलं नव्हतं ते बोललो. पाणी नाकातोंडात गेलं ते वेगळं. धाकटी काठावरून ओरडली, “बाबा, पुरे आता! तिथेसुद्धा किती बोलताय!” दोनच शब्द होते, ताई.