तेल आहे का?

रविवार, १२ जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला. तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर लिहायला मी बऱ्याचदा बसलो, पण दर वेळी सुरुवात माफीने केली, आणि माफी मनासारखी जमेपर्यंत इतके दिवस गेले की ती माफीच शिळी झाली. तेव्हा या वेळी थोडक्यात सांगतो: चुकलो. तुझी कंबर आता कशी आहे? दाजींनी गोड सोडलं असं तू लिहिलंस. ते घरात सोडलं की बाहेरही? (हा भाग त्यांना वाचून दाखवू नकोस. खरं तर पुढचाही नको. गाडी शेवटी त्यांच्याकडूनच आलेली आहे.)

फोनच केला असता, पण आईची नजर जसजशी मंदावली तसतसे तिचे कान तिखट होत गेले. मी बाथरूममध्ये नळ सोडून कुजबुजलो तरी ती बाहेरून माझ्या वाक्यातली चूक दुरुस्त करते. म्हणून हे पत्र.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काल सकाळी व्हायचं होतं. ते झालं नाही. घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. झालं नाही एवढंच. डाव्या डोळ्याने तिला पूर्वीपासूनच दिसत नाही, त्यामुळे जे काही आहे ते या उजव्यावर, हे तुला ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात तिने दारामागे टांगलेल्या माझ्या कोटाला 'बसा ना' म्हटलं आणि तो बसेना म्हणून त्याच्यावर रागावली. त्यानंतर तीच ऑपरेशनला तयार झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काळजीचं कारण नाही, क्वचितच काही बिघडतं. मी विचारलं, क्वचित म्हणजे कसं? त्या म्हणाल्या, क्वचित म्हणजे क्वचित. (मी तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारला, तेव्हा त्यांनी तुझ्या भावजयीकडे पाहिलं. हिनेही त्यांच्याकडे पाहिलं. बायकांची अशी बोलणी कशी होतात कोण जाणे.)

मग मी माझ्या परीने तयारीला लागलो. हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता आधी नुसता जाऊन पाहिला. एका वाटेवर खड्डे, दुसरीवर गतिरोधक. येताना डोळ्याला पट्टी असणार, हिसका बसता कामा नये, म्हणून तिसरी वाट शोधली. ती सकाळच्या गर्दीत कशी असते हे पाहायला पुन्हा गेलो, आणि गाडी कुठे लावायची ते ठरवायला आणखी एकदा. ही म्हणाली, "अहो, ऑपरेशन आईंचं आहे, तुमची परीक्षा नाही." मी दुर्लक्ष केलं.

काल सकाळी आई चांगले कपडे घालून, मांडीवर पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसली. पुढे ही. मी चावी फिरवली. इंजिन घुर्र घुर्र घुर्र करत फिरलं, पण सुरू होईना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. एखादा माणूस घसा खाकरतो, खाकरतो आणि बोलत काहीच नाही, तसं. ही म्हणाली, सरळ टॅक्सी बोलवा. मी म्हटलं, दोन मिनिटं थांब. (या 'दोन मिनिटां'बद्दल पुढे लिहितो.)

मेकॅनिकला फोन लावला. तो दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली होता, त्याचा आवाज टाकीतून आल्यासारखा येत होता. त्याने विचारलं, सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतंय का? फिरतंय. मग बॅटरी चांगली आहे, तिला हात लावू नका. आता बघा, तेल आहे का?

मी बॉनेट उघडलं. तुझ्या भावाने आयुष्यात एकच गोष्ट यंत्राबद्दल शिकून ठेवली आहे: तेल कसं पाहायचं. तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली (आईच्या हॉस्पिटलच्या टॉवेलने, कारण तोच हाताशी आला), पुन्हा आत घातली, बाहेर काढून उजेडात धरली. तेल दोन्ही खुणांच्या बरोबर मधोमध होतं. मी फोनवर अभिमानाने सांगितलं, "आहे. अगदी मध्यावर आहे."

"मध्यावर? मग बक्कळ आहे," तो म्हणाला. "मग तेलाचा पंप बघायला लागेल, तो मागच्या सीटखाली असतो. मागच्या सीटला कान लावा, वहिनींना चावी नुसती अर्धी फिरवायला सांगा. बारीक गुंईऽऽ असा आवाज येतो का बघा."

मागच्या सीटवर आई. तिला उतरवायचं म्हणजे ती परत चढेल याचा भरवसा नाही. म्हणून मी मागचं दार उघडून खाली गुडघे टेकले आणि तिच्या मांडीलगत सीटवर कान ठेवला. हिने चावी फिरवली. गुंईऽऽ आवाज आला. तो इतका बारीक होता की खात्री करायला मी तसाच राहिलो, हिला पुन्हा फिरवायला सांगितलं, पुन्हा ऐकला. तेवढ्यात आईचा हात माझ्या डोक्यावर आला आणि केसांतून फिरायला लागला.

"रडू नकोस रे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, मी पंप ऐकतोय."

"ऐक हो, ऐक," ती म्हणाली, आणि हात फिरवत राहिली.

इतक्यात वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड पोस्टमास्तर गॅलरीत आले. त्यांनी गाडीच्या दारात गुडघे टेकलेला मी आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलेली आई एवढंच पाहिलं, आणि काही न विचारता मान खाली घालून आत गेले. (संध्याकाळी त्यांच्या पत्नी चौकशीला आल्या, फार हळू आवाजात.)

मेकॅनिक आता बुचकळ्यात पडला. बॅटरी आहे, तेल आहे, पंप बोलतोय. त्याने एक फ्यूज काढून दुसऱ्या जागी लावायला सांगितला, मी लावला, त्याने फक्त हॉर्न बंद पडला. मग त्याने विचारलं, एवढा वेळ सेल्फ मारलात, पेट्रोलचा वास येतोय का? मी नाक घालून हुंगलं. नाही. हिने हुंगलं. नाही.

"वास नाही म्हणजे तेल पोचतच नाहीये. साहेब, तेल नक्की आहे ना?"

मला राग आला. म्हटलं, "अहो, आहे! मी स्वतः बोट लावून पाहिलंय."

 पलीकडे गाडीखालून बाहेर सरपटल्याचा आवाज, आणि मग अगदी सावधपणे: "साहेब, टाकीत बोट कसं घातलंत?"

ताई, त्याच्या धंद्यात तेल म्हणजे पेट्रोल. माझ्या घरात तेल म्हणजे तेल, आणि मी पाहिलं ते इंजिनातलं. आम्ही दोघं इतका वेळ एकच शब्द धरून दोन वेगळ्या गाड्या दुरुस्त करत होतो. तू म्हणशील, काटा पाहायचा. या गाडीचा काटा तुमच्याकडे होती तेव्हापासून अर्ध्यावर बसलाय, दाजीच म्हणाले होते की त्याचा स्वभाव समाधानी आहे, त्याला छेडू नकोस. मी एरवी महिन्याच्या सुरुवातीला पेट्रोल भरतो आणि ते पुरतं. या महिन्याचं मी रस्ता पाहण्यात जाळलं.

ही स्कूटरवर जाऊन कॅनमधून पेट्रोल घेऊन आली. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. मी मागे वळून पाहिलं तर सीट रिकामी. आई घरात जाऊन घरातले कपडे घालून पलंगावर बसली होती. मी हात जोडले, टॅक्सी बोलावतो म्हटलं, गाडी सुरू झाली म्हटलं. ती म्हणाली, आता नको. हॉस्पिटलने पुढच्या गुरुवारची, म्हणजे २३ची, तारीख दिली आहे. त्या दिवशीही नको म्हणते. डोळा एकच आहे आणि तो रोज थोडा विझतोय. म्हणून तुला लिहितो आहे. तुझं ती ऐकते.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : 'दोन मिनिटां'बद्दल लिहायचं राहिलं. टॅक्सी लगेच मिळाली असती. मी का नाही बोलावली, याचा कालपासून विचार करतो आहे. गाडी सुरू होत नव्हती तेव्हा मी वैतागलो होतो हे खरं, पण प्रत्येक घुर्रनंतर ती बंदच राहिली की छातीत कुठेतरी जरा मोकळंही वाटत होतं. हे मी हिला सांगितलेलं नाही. (हिला माहीत आहे.)

ता. क. २ : वर लिहिलं त्यावरून आई घाबरून नको म्हणते असं तुला वाटेल. तसं नाही. आज दुपारी तिला नीट विचारलं. ती म्हणाली, "मला कसली भीती? पोरगं सीटवर डोकं ठेवून रडतंय, त्याला तसं सोडून मी आत जाऊन झोपू?" मी पुन्हा पंपाचं सांगितलं. मेकॅनिकची साक्ष काढली. ती म्हणाली, "खोटं बोलणाऱ्याच्या गाडीत मी बसायची नाही. घाबरलोय म्हण, मग येते." म्हणजे गाडं आता इथे अडलंय. म्हणून तू आदल्या दिवशी, बुधवारीच ये, आणि तिला पटवून दे की मी खरोखर पंप ऐकत होतो.

ता. क. ३ : ये, पण पटवून देऊ नकोस. मघाशी शर्ट धुवायला टाकताना कालचा प्रसंग पुन्हा आठवून पाहिला. गुंईऽऽ आवाज पहिल्या वेळीच स्पष्ट आला होता. दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती.

उद्याचं काम: सकाळच्या चहाला आईला 'हो, घाबरलोय' म्हणणे.