धावपटूच्या कानातलं कुंकू

दसरा, संध्याकाळ. अयोध्या नगर.

सकाळी सुमनवर चिडलो, उगाच चिडलो. काल खंडेनवमी. मी यंदाच कारखान्यातून निवृत्त झालो, त्यामुळे पूजेला माझी अवजारं नव्हती. म्हणून हिनं पाटावर माझ्या संग्रहातलं पदक मांडलं. शंभर वर्षांपूर्वीच्या परदेशी शर्यतींचं स्मृतिपदक, जे मिळवायला मला अकरा वर्षं लागली. त्यावर ओलं कुंकू लावलं, आणि ते कोरलेल्या धावपटूच्या कानात जाऊन बसलं. मला ते आज सकाळी दिसलं.

दुपारी सक्सेनाजी आले. तेही पदकं जमवतात, अदलाबदल ठरली होती. भिंगातून बघत म्हणाले, "ये दाग निकलवा लीजिए, फिर बात करेंगे."

ते गेल्यावर सुमन जुना टूथब्रश घेऊन आली. "द्या, काढून देते. मला वाटलं, आता तुमचं काम हेच ना."

काम. या नादाला आजवर घरात कुणी काम म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मग सकाळी कशावर एवढा चिडलो होतो मी?

ब्रश तिच्या हातून घेऊन ठेवून दिला. संग्रहाच्या वहीत त्या पदकापुढे 'स्थिती' या रकान्यात आत्ताच लिहिलं: उत्तम. कानात कुंकू आहे, सुमनचं. काढायचं नाही.